गळ टाकून बसणारे आपण पोटासाठी काय करतो?

काठावरचा

गेली सव्वीस वर्षे मी मुद्रितशोधक म्हणून काम करतो. दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुरातले काने, वेलांट्या आणि निसटलेले अनुस्वार दिवसभर हेरायचे आणि संध्याकाळी डोळ्यांवर पाण्याचे हबके मारून घरी जायचे, हा माझा रोजचा क्रम आहे. सुट्टीच्या दिवशी मात्र उजाडायच्या आत मी तलावाच्या काठावर गळ टाकून बसलेला असतो.

माझ्यापासून वीसेक पावलांवर एक गृहस्थ नऊ वर्षे बसत आले आहेत. "आज काही लागले का?" आणि "पाणी चढले आहे" यापलीकडे आमचे बोलणे कधी गेले नव्हते. मागच्या महिन्यात आमिष लावताना गळ उलट्या काट्यासकट माझ्या अंगठ्यात रुतला. ते उठून आले, माझा हात त्यांनी आपल्या गुडघ्यावर घट्ट धरला, तंगूसाचा एक तुकडा गळाच्या वाकात अडकवला, आणि मी डोळे मिटून घेईपर्यंत गळ बाहेर आलेला होता. त्या दिवशी मी प्रथमच त्यांना विचारले की आपण काय करता. ते म्हणाले, "शस्त्रक्रियागृहात मदतनीस आहे. एकोणीस वर्षे झाली."

ते उत्तर माझ्या मनातून जात नाही. गळ टाकून बसलेला माणूस म्हणजे रिकामटेकडा, असा समज आपण सर्वांनीच कधी ना कधी ऐकून घेतला आहे. जागतिक बँकेच्या २०१२ सालच्या एका अहवालात जगभरातल्या हौशी मासेमारांची संख्या सुमारे २२ कोटी धरली होती. एवढी माणसे रिकामी असणे शक्य नाही. ज्यांचा मासेमारीवरचा ग्रंथ १६५३ पासून आजतागायत छापला जातो, ते आयझॅक वॉल्टनसुद्धा लंडनमध्ये कापडाचा व्यापार करून पोट भरत होते.

म्हणून विचारतो: आपण उपजीविकेसाठी काय करता, आणि ते काम आपल्याबरोबर पाण्यापर्यंत येते का? माझ्यापुरते सांगायचे तर येते. फ्लोटची हालचाल वाऱ्याची की माशाची, हे मला इतरांपेक्षा थोडे आधी कळते, आणि ही नजर मला छापील ओळींनीच दिली आहे असे मी मानतो.

जाता जाता एक अडचणही मांडतो. माझ्या रिळावरचे तंगूस दोन-तीन फेऱ्यांतच पीळ खाऊन गुंतते. नवे तंगूस भरले तरी तेच होते.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे आणि बहुतेक वेळा आपत्कालीन विभागात रात्रपाळी करते. सकाळी सातला सुटले की लगेच झोप येत नाही, कारण कानांत यंत्रांचे आवाज वाजत असतात. तेव्हा मी घरी जाण्याआधी दीड तास नदीवर बसते.

काठावरचा यांच्या शेजाऱ्यांनी जे केले, ते आम्हीही करतो. ते नीट लिहून ठेवते, कारण इथल्या प्रत्येकाला ते कधी तरी लागणार आहे. मजबूत दोरा गळाच्या वाकात घालायचा. दुसऱ्या हाताच्या बोटाने गळाची दांडी त्वचेकडे खाली दाबून धरायची, म्हणजे उलटा काटा मांसातून मोकळा होतो. मग दोरा दांडीला समांतर, ज्या वाटेने गळ आत शिरला त्याच वाटेने, एका झटक्यात ओढायचा. दाब सुटला किंवा झटका अर्धवट बसला तर काटा पुन्हा अडकतो, म्हणून मन कचरत असेल तर करूच नये. गळ डोळ्याजवळ असेल, सांध्यात किंवा स्नायूबंधात खोल गेला असेल, किंवा तीनतोंडी गळाची दोन टोके रुतली असतील, तर काही न ओढता दवाखाना गाठावा. गळ सहज निघाला तरी जखम धुवावी आणि धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते आठवून पाहावे. मी स्वतः आता पक्कडीने काटा चेपलेलेच गळ वापरते. मासा थोडे जास्त वेळा सुटतो, पण माझी बोटे मला सोमवारी हवी असतात.

आमच्या पेशातल्या एका बाईंचे नाव इथे अभिमानाने सांगते. जॉर्जिना बॅलंटाइन यांनी पहिल्या महायुद्धात परिचारिका म्हणून काम केले होते. ७ ऑक्टोबर १९२२ रोजी स्कॉटलंडमधल्या टे नदीत त्यांच्या गळाला ६४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २९ किलोंचा, सामन लागला. त्यांचे वडील नाव वल्हवत होते आणि झुंज दोन तासांहून अधिक चालली. ब्रिटनमध्ये गळाने धरलेल्या सामनचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. रात्रपाळीत हात भरून आले की मला त्या दोन तासांची आठवण होते.

चाती

मी सूतगिरणीत स्पिनिंग खात्यात जॉबर आहे. काठावरचा यांची अडचण वाचली आणि राहवले नाही, कारण पीळ देणे हेच माझे काम आहे.

आपले रीळ हे साधे, न फिरणाऱ्या स्पूलचे, म्हणजे तंगूस ज्यावर गुंडाळतो ती कांडी स्थिर असलेले, असणार. या रिळाचा जन्मच आमच्या धंद्यात झाला आहे. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड भागातले कापड उद्योजक आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. गिरणीत सूत चातीवरच्या कांडीच्या टोकावरून निसटत येते, कांडी फिरवावी लागत नाही. इलिंगवर्थ रोज तेच पाहत होते. कांडी जागेवर स्थिर आहे आणि दोरा तिच्या टोकावरून सुटतो आहे, तर हलके आमिषही लांब जाईल, कारण त्याला जड चकती फिरवायची नसते, हे त्यांच्या ध्यानात आले.

परंतु टोकावरून सुटणाऱ्या दोऱ्याला प्रत्येक वेढ्यामागे एक पीळ बसतो. आम्हाला सूत बांधायला तो हवा असतो, तुम्हाला नको असतो. फेकताना बसलेला पीळ गुंडाळताना बराचसा उलगडतो, त्यामुळे खरी चूक बहुधा दुसरीकडे असते. मासा ओढत असताना ड्रॅग, म्हणजे ताण वाढला की तंगूस सुटू देणारा रिळाचा ब्रेक, सुटत असेल आणि तुम्ही त्याच वेळी मूठ फिरवत असाल, तर तंगूस आत येत नाही, नुसता पीळ भरत राहतो. मुठीच्या एका फेऱ्यात रिळाचा फिरता भाग पाच वेळा फिरत असेल, तर एका फेऱ्याला पाच पीळ बसतात. वीस फेरे घाबरून फिरवले की शंभर झाले. म्हणून ड्रॅग करकरत असताना मूठ थांबवावी. काठी उचलून मासा जवळ घ्यावा आणि काठी खाली नेताना तेवढेच गुंडाळावे.

भरलेला पीळ काढायचा असेल तर गळ, शिसे, सगळे सोडवून नुसते तंगूस वाहत्या पाण्यात लांब सोडावे, काही मिनिटे तसेच राहू द्यावे आणि दोन बोटांत हलके धरून परत घ्यावे. एवढे करूनही पीळ भरत राहिला, तर दोष रिळाच्या यंत्रात आहे आणि त्याविषयी माझ्यापेक्षा जाणता माणूस इथे असेल.

बाकावरचा

मी न्यायालयात लिपिक आहे. आमच्या क्षेत्राशी जोडलेल्या माणसांनी या छंदाला फार दिले आहे, हे नोंदवावेसे वाटते. पाण्याखालच्या अळीची नक्कल करून ट्राउट धरण्याची पद्धत ज्यांनी रुजवली ते जी. ई. एम. स्क्यूज लंडनमध्ये वकिली करीत. कॅनडातल्या कॅम्पबेल रिव्हर इथे रॉडरिक हेग-ब्राउन हे दंडाधिकारी होते, आणि नद्यांसाठी त्यांनी जितके लिहिले तितकेच ते धरणांच्या विरोधात उभेही राहिले. एडवर्ड ग्रे हे १९०५ ते १९१६ ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री होते आणि शनिवारी भल्या पहाटेच्या गाडीने लंडन सोडून नदी गाठीत.

गाडीवान

बाकावरचा, आपण दिलेली माहिती मी आदराने वाचली, पण मला ती थोडी टोचली. वकील, दंडाधिकारी, मंत्री, या सर्वांना शनिवार होता. मी मालवाहू गाडी चालवतो आणि मला शनिवार नाही. माझी काठी घडीची आहे आणि ती आसनामागे असते. माल उतरवायला कुठे चार तास लागणार असे कळले, तर मी आधी जवळ पाणी कोठे आहे ते विचारतो. वर्षभरात माझे एकूण वीस-बावीस तास गळ टाकून होतात. कोण काय काम करतो यापेक्षा कोणाच्या कामात किती वेळ स्वतःचा उरतो, हा प्रश्न मला मोठा वाटतो.

बाकावरचा

गाडीवान, आपले म्हणणे मला मान्य आहे. नोंदी ज्यांच्या राहिल्या तेवढीच नावे मी दिली. ज्यांना वेळ होता त्यांच्याच नोंदी राहिल्या, हे माझ्या लक्षात यायला हवे होते.

भिंगवाली

मी शाळेत विज्ञान शिकवते. अपवर्तन शिकवताना भांड्यातले नाणे आम्ही सगळेच दाखवतो, पण मुलांना ते खरे वाटते ते मी माशाच्या नजरेने सांगते तेव्हा. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे सगळे जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसते. त्या खिडकीचा कोन सुमारे ९७ अंशांचा असतो, मग क्षितिजापर्यंतचे सारे त्यातच दाटून बसते. मासा एक मीटर खोल असेल तर त्या गोलाचा व्यास सुमारे सव्वादोन मीटर भरतो आणि खोली वाढली की गोलही वाढतो. त्याच्या पलीकडे पाण्याचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा दिसतो.

आता काठावर उभा असलेला माणूस विचारात घ्या. तो या खिडकीच्या कडेला दिसतो, आणि कडेचे सगळे चेपून इतके बारीक होते की पाण्याच्या पातळीपासून दहाएक अंशांच्या आत राहिलेली वस्तू माशाला जवळजवळ ओळखू येत नाही. म्हणून स्वच्छ, उथळ पाण्याशी बसून गळ टाकणारा आणि उभा राहून टाकणारा यांच्यात फरक पडतो. मी हे आधी फळ्यावर काढले आणि मग गुडघे टेकून पाहिले, आणि त्या वर्षीपासून मी उभी राहत नाही.

निवळी

मी पाणीशुद्धीकरण केंद्रात नमुने तपासते. भिंगवाली यांच्या पोस्टमुळे लिहायचा धीर आला.

माझ्या नोंदवहीत रोज एक आकडा असतो, पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचा. २० अंश सेल्सिअस तापमानाला गोडे पाणी लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकते, ३० अंशांना तेच साडेसात होते. शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा ऑक्सिजन देतात, पण रात्रभर त्या स्वतःच तो वापरत असतात, त्यामुळे हिरव्या, साचलेल्या तलावात तो सर्वांत कमी असतो उजाडायच्या सुमारास. उन्हाळ्यातल्या पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून दिसतात, ते चाऱ्यासाठी आलेले असतातच असे नाही, पुष्कळदा त्यांना श्वास पुरत नसतो. अशा वेळी मी गळ टाकत नाही. धरून सोडलेला मासासुद्धा त्या पाण्यात सावरत नाही. टाकायचाच असेल तर जिथे पाणी वाहत येऊन मिळते किंवा वाऱ्याने लाटा आदळतात, तिथे टाकावा.

काठावरचा, आपण उजाडायच्या आत जाता असे लिहिले आहे. उन्हाळ्यात दोन तास उशिरा जाऊन पाहावे.

तारतंत्री

मी विजेच्या तारांवर काम करणारा लाइनमन आहे आणि मला एकच गोष्ट सांगायची आहे, पण ती सर्वांनी वाचावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आजच्या बहुतेक काठ्या कार्बन तंतूंच्या असतात. कार्बन वीज वाहून नेतो. काठी लांब, वर उंच धरलेली, अंग ओले, पाय चिखलात, आणि डोक्यावरून उच्च दाबाची तार गेलेली, यापेक्षा वाईट स्थिती मी माझ्या कामातही पाहत नाही, कारण तिथे आम्ही वीज बंद करून चढतो. काठी तारेला लागायलाच हवी असेही नाही, पुरेशी जवळ आली तरी वीज हवेतून उडी घेते. पाण्यावर नजर लावून बसलेला माणूस वर पाहत नाही, आणि तारा वर्षानुवर्षे तिथेच असल्याने त्या दिसेनाशा झालेल्या असतात. अशा एका ठिकाणी अपघातानंतर लाइन बंद करायला मी गेलो आहे. ती काठी कशी दिसत होती ते मी इथे लिहिणार नाही.

तारांपासून जमिनीवर मोजून निदान ३० मीटर दूर बसा. जागा बदलताना, तारांखालून फक्त जायचे असले तरी, काठीचे भाग सुटे करून ती आडवी न्या.

सध्या मोकळा

शीर्षक वाचून मी दोन दिवस काहीच लिहिले नाही, कारण पोटासाठी काय करतो या प्रश्नाला माझ्याकडे सध्या उत्तर नाही. मी आरेखक होतो. कारखान्याने आमचा विभाग बंद केला त्याला सात महिने झाले.

पहिल्या आठवड्यात वाटले, आता रोज गळ टाकता येईल. टाकलाही. पण नोकरी असताना रविवारी दुपारी चार वाजले की पाय निघत नसे, आणि आता सकाळी दहालाच घड्याळ पाहावेसे वाटू लागले. पाणी तेच होते, मासेही लागत होते. काठावर एखादा ओळखीचा माणूस "आज सुट्टी का?" असे सहज विचारी आणि मी हो म्हणत असे. काठावरचा, आपण नऊ वर्षे शेजाऱ्यांना विचारले नाही याची आपल्याला खंत वाटते. कधी कधी न विचारणे हे फार मोठे सौजन्य असते, हेही आपल्याला सांगावेसे वाटले.

मंदीच्या काळात, २ जून १९३२ रोजी, जॉर्जिया राज्यातल्या जॉर्ज पेरी नावाच्या तरुण शेतकऱ्याने शेत नांगरण्याजोगे नव्हते म्हणून गळ टाकला आणि २२ पौंड ४ औंसांचा बास धरला. तो जागतिक विक्रम आजही त्याच्याकडे आहे. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात त्याची फक्त बरोबरी झाली. घरच्यांनी तो मासा शिजवून खाल्ला. विक्रमापेक्षा ते शेवटचे वाक्य मी अनेकदा मनात वाचतो.

पूर्वीचा वाटाड्या

सध्या मोकळा, आपल्या पोस्टला माझ्याकडचे उलट टोक जोडतो. मी छंदालाच धंदा केला होता. अकरा वर्षे लोकांना मासे कुठे लागतात ते दाखवून मी पोट भरले. पाण्यावर वर्षाला दोनशे दिवस असायचो, आणि त्या अकरा वर्षांत स्वतःसाठी गळ टाकल्याचे दिवस हातांच्या बोटांवर मोजता येतील. पाहुण्याला काही लागले नाही की रात्री झोप येत नसे. पाऊस, वारा, पाण्याचा रंग, सगळ्याकडे मी उद्याच्या कमाईच्या हिशेबाने पाहू लागलो. आता मी सुतारकाम करतो, आणि गळ पुन्हा माझा झाला आहे. आपल्याला काम मिळेपर्यंत आठवड्यातला एकच दिवस ठरवून त्याच दिवशी जाऊन पाहा. बाकीचे सहा दिवस पाण्याकडे फिरकू नका. मला त्याचा उपयोग झाला.

काठावरचा

सध्या मोकळा, आपण लिहिलेले मी पुनःपुन्हा वाचले. मी शेजाऱ्यांना विचारायला हवे होते, असेच मी धरून चाललो होतो. माझी वाट चुकत होती हे आपण दाखवलेत. आपली हरकत नसेल तर आरेखनाच्या कामाविषयी मला व्यक्तिगत निरोप पाठवा. आमच्याकडे पुस्तकांसाठी आकृत्या काढणाऱ्यांची अधूनमधून गरज पडते. नेहमीचे काम नाही, पण काम आहे.

चाती, आपण सांगितले तसे नुसते तंगूस प्रवाहात सोडून पाहिले. पीळ निघाला, दोन दिवस बरे चालले, आणि काल पुन्हा भरला. ड्रॅग सुटत असताना मूठ फिरवण्याची माझी सवय आपण न पाहता ओळखलीत, पण काल तर एकही मासा लागला नव्हता.

लंबक

मी घड्याळे दुरुस्त करतो. वाचत होतो, आता माझा विषय आला म्हणून लिहितो.

आमच्या व्यवसायाचा या यंत्राशी जुना संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंटकीत जॉर्ज स्नायडर या घड्याळजींनी दातेरी चक्रे घालून, मुठीच्या एका फेऱ्यात स्पूल अनेक वेळा फिरेल असे रीळ बनवले. झाकलेल्या तोंडाचे, बटण दाबून सोडायचे रीळ १९४९ साली बाजारात आले, ते टेक्सासचे आर. डी. हल यांचे, आणि तेही घड्याळजीच.

काठावरचा, मासा न लागता पीळ भरतो आहे, म्हणजे तंगूस जिथे काटकोनात वळून स्पूलवर येते ती लहानशी चकती, लाइन रोलर, फिरत नसावी. तंगूसाचा एक तुकडा तिच्यावरून ताणून मागे-पुढे ओढा आणि भिंगातून पाहा. चकती स्थिर राहून तंगूस तिच्यावरून घासत असेल, तर प्रत्येक गुंडाळणीत पीळ भरणारच. तिचा स्क्रू काढा. सुटे भाग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने पांढऱ्या कागदावर मांडत जा, कारण त्यांतली एक चकती इतकी पातळ असते की हरवल्याचेही कळत नाही. आत सुकलेले ग्रीस आणि बारीक वाळू सापडेल. ते पुसून घ्या, ग्रीस पुन्हा भरू नका. ग्रीस आतल्या दातेरी चक्रांसाठी असते, इथे पातळ तेल लागते. सुईच्या टोकावर मावेल एवढा एक थेंब पुरे. दुसरा थेंब घातलात तर तो बाहेर येऊन वाळू धरील आणि दोन महिन्यांत आपण पुन्हा हाच प्रश्न विचाराल.

स्क्रू बसवताना शेवटचा पाव फेरा हाताने जाणवेल इतकाच आवळा, आणि चकती बोटाने फिरवून पाहा.